चौदा घोड्या आणि माझं नुकसान

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

नांदेड,
दि. ३ एप्रिल २०२५

ती. सौ. शिवकांता आत्यास,
मृत्युंजयचा सा. न. वि. वि.

आत्या, कागदावर लिहून राहिलो याचं कारण, माझा फोन गोदावरीत हाय. पुलावरून चाललो होतो, तेवढ्यात रेवणसिद्धकाकांचा फोन आला. तुझ्या समोरच्या घरात राहणारा हा माणूस विम्याचा एवढा मोठा एजंट, पण कसा आहेस म्हणून विचारत न्हाई. एकदम म्हणाले की लातूरहून हरिओम नावाचा मुलगा आपल्या पोरीला, मंजुश्रीला बघायला येणार हाय, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान हाय त्याचं. त्यापुढं ते काय बोलले ते मासळ्यांनी ऐकलं असंल. माझा हात आपोआप उठला आणि फोन काकांच्या आवाजासकट खाली गेला.

मग खोलीमालकाच्या फोनवरून परत लावला तर कळलं की पुढचं वाक्य माझ्याच फायद्याचं होतं. काका म्हणाले की तू बी.कॉम. अर्धं टाकलंस, नोकरी न्हाई, तरी पोरगी तुझं नाव काढते म्हणून एक संधी देतो. नांदेडात एका गल्लीत लग्नाच्या वरातीच्या चौदा घोड्या हायत. एकीचाही विमा न्हाई. बसव जयंतीच्या आत चौदाही घोड्यांचा विमा उतरव, मी लातूरला नकार कळवतो. न्हाई जमलं तर लग्नाला ये, जेवून जा.

जेवून जा! आत्या, तिथंच दुसरा फोन फेकणार होतो, पण तो खोलीमालकाचा होता.

कॉलेज मी तिच्यासाठीच सोडलं हे फक्त तुलाच ठाऊक हाय. ती बी.एस्सी. होऊन अहमदपूरला परत गेली, मग मी नांदेडच्या त्या वर्गात फळ्याकडं बघत कशाला बसू? आता चौदा घोड्या म्हणजे काय मोठी गोष्ट. आठवड्यात उरकतो. तू समोरच्या घरावर नजर ठेव. ती खिडकीत दिसली तर कशी दिसते तेवढं कळव.

लोभ हाय तसाच राहू दे, उपदेश जरा कमी धाड.

तुझा,
मृत्युंजय

---

अहमदपूर,
दि. ५ एप्रिल २०२५

चि. मृत्युंजयास,
शिवकांता आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र एसटीच्या कंडक्टरनं घरी आणून दिलं. त्याच्याच हाती उत्तर आणि धपाटे धाडते हाय. धपाटे तुझ्यासाठी हायत, घोड्यांना चारून मैत्री करशील तर याद राख.

बाबा रे, तुला वाक्य पुरं ऐकायची सवय कधी लागणार? दहावीला प्रश्न अर्धा वाचून उत्तर लिहून आलास, कॉलेजात तर वर्षच अर्धं ठेवलंस. मंजुश्री काल लिंबं मागायला आली होती. तुझ्या फोनचं सांगितलं तर आधी लई हसली, मग म्हणाली की आत्या, ज्याला वाक्य पुरं ऐकवत न्हाई तो फॉर्म पुरा कसा भरणार? तिच्या बापाच्या ऑफिसात आलेले सगळे फॉर्म तीच कॉम्प्युटरात घालते, तुझेपण तिच्याच हातात येतील. तेव्हा अक्षर नीट काढ.

कशी दिसते विचारलंस. लिंबं घेऊन जाताना जशी कोणीही दिसते तशीच दिसते.

हरिओमकडची माणसं बारा तारखेला येणार. घोडीवाल्यांशी भांडू नको. विमा काढ म्हणून कोणाची गचांडी धरलेली मी ऐकली न्हाई पायजे.

तब्येत सांभाळ, डोकं त्याहून जास्त सांभाळ. लोभ आमच्याकडून कमी पडणार न्हाई.

तुझी,
आत्या

---

नांदेड,
दि. ९ एप्रिल २०२५

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

धपाटे पोचले. घोड्यांना न्हाई, पण घोडीवाल्यांना चारले. त्याशिवाय मला ओट्यावर बसू देत नव्हते.

पहिल्या दिवशी मी अट्टल एजंटासारखं सुरू केलं की घोडी मेली तर कंपनी भरपाई देईल. खाजामियाँ म्हणून त्यांच्यातले मुख्य हायत. त्यांनी हातातला खरारा खाली ठेवला आणि म्हणाले की बेटा, सकाळी सकाळी माझ्या घोडीला कामून मारून राहिला?

मग मी कानातल्या बिल्ल्याचं सांगितलं. विमा काढलेल्या जनावराच्या कानात पिवळा बिल्ला ठोकायचा आणि जनावर मेलं तर तो क्लेमला जोडायचा. खाजामियाँची आई बिस्मिल्लाबी, तिचा शब्द गल्लीत शेवटचा. ती म्हणाली की नवरदेवाला मुंडावळ्या आणि घोडीला पिवळा बिल्ला असा फोटो निघाला तर लोक विचारतील, दोघांपैकी विमा कोणाचा? सगळी गल्ली हसली, घोड्यापण हसल्यासारख्या वाटल्या. मी तापलो, पण तुझी ताकीद आठवली.

त्यांना विमा का नको ते ऐक. त्यांच्यात आधीपासून एक पद्धत हाय. दुबईला ड्रायव्हर असलेल्या पुतण्यानं सांगितलं की तिकडं अशा कंपन्याच हायत, त्याला तकाफुल म्हणतात. आपल्याकडं तशी कंपनी न्हाई, म्हणून हे त्याला विमा म्हणत न्हाईत, आपसातली मदत म्हणतात. लग्नसराईत प्रत्येकानं एका पेटीत आपला वाटा दान म्हणून टाकायचा. ज्याची घोडी गेली त्याला पेटीतून मदत. वर्षाअखेर उरलं ते सगळ्यांचं, वाटून घ्या न्हाई तर पुढच्या वर्षाला ठेवा.

मी भांडलो. म्हणालो की आमची कंपनीपण सगळ्यांकडून घेते आणि ज्याचं बुडालं त्याला देते, मग फरक कोणता? खाजामियाँनी विचारलं की कोणाचंच बुडालं न्हाई तर उरलेलं कोणाचं? मी म्हणालो, कंपनीचं. ते म्हणाले की म्हणजे घोडी जगली तर कंपनी जिंकली, मेली तर मी जिंकलो. स्वतःच्या घोडीच्या मरणावर मी पैज लावू? आणि कंपनी ते पैसे व्याजाला लावणार, ते आमच्या धर्मात बसत न्हाई.

मला वाटलं, धर्माचं कारण हाय तर धर्माबाहेरचा गाठावा. त्यांच्यात कंधारकडचा भागवत हाय, शेतकरी घरातला, दोन घोड्यांचा मालक. मी त्याला बाजूला घेतलं. तो म्हणाला की मला हलाल-हराम कळत न्हाई. माझ्या बैलाचा विमा होता. बैल मेला, बिल्ला आधीच कुठंतरी बोरीबाभळीत पडला होता. साहेबांनी कळवलं की बिल्ला न्हाई म्हणजे बैल न्हाई. तेरा वर्षं ज्याला नावानं हाक मारली तो बैल नव्हताच म्हणे! इथं माझी घोडी शिंकली तरी बाकीच्या बारा घोड्यांचे मालक विचारायला येतात.

आणि आत्या, पैशापेक्षा मोठी गोष्ट पुढं हाय. यांच्यात घोडी गेली की प्रत्येक घोडीमागं एक दिवस अशी पाळी लागते. ज्याची पाळी त्यानं तो दिवस रिकाम्या खुंट्यापाशी जाऊन बसायचं. चौदा घोड्या म्हणजे चौदा दिवस. घोडीच्या मालकानं एकट्यानं त्या खुंट्याकडं बघायचं न्हाई. असं कलम आमच्या कंपनीत कुठं हाय? मी माहितीपत्रक उलटंपालटं करून बघितलं.

काकांच्या सर्व्हे फॉर्मवर विमा का नको त्याच्या चारच चौकटी हायत: हप्ता महाग, माहिती नाही, आधीच विमा आहे, इतर. मी चौदाही फॉर्मवर ‘इतर’ला खूण करून मागच्या कोऱ्या बाजूपर्यंत लिहिलं. शेवटी मला इतकं पटलं की मीच म्हणालो, मलापण घ्या.

त्यांनी विचारलं, तुझी घोडी कुठं हाय? मी म्हणालो, घोडी न्हाई, पण माझंपण काही जाऊ शकतं. आणि मंजुश्रीचं सांगितलं. बिस्मिल्लाबी इतकी तडकली की मी खराऱ्यापासून लांब सरकलो. पोरगी काय घोडी हाय का, म्हणाली, जी तुझी न्हाई तिचं नुकसान तुला कुठून? मग पान चघळत म्हणाली की पोरीचं न्हाई, तुझ्या काळजाचं धरू, ते तरी तुझ्यापाशी हाय ना? मी खरं ते सांगितलं, की तेपण अहमदपूरला हाय.

दोन दिवस खल झाला. मौलानांना विचारलं, ते हसून म्हणाले की दुःखी माणसाजवळ जाऊन बसणं चांगलंच काम हाय, त्याला योजना कशाला लागते? शेवटी ठरलं की पेटीचा संबंध न्हाई. कोणी आजारी पडला की त्याची घोडी मी वरातीत धरायची, हे माझं दान. आणि माझं काळीज फुटलं तर तेही वाटून घ्यायचं.

आता मला भीती न्हाई. तरी बारा तारखेचं लगेच कळव.

तुझा लोभ हाच माझा जुना विमा, तो चालू ठेव.

तुझा,
मृत्युंजय

---

अहमदपूर,
दि. १३ एप्रिल २०२५

चि. मृत्युंजयास अनेक आशीर्वाद.

घोड्यांचा विमा काढायला गेलास आणि स्वतःच तिकडं भरती झालास! रेवणसिद्धभावजींनी तुझे चौदा फॉर्म बघितले तेव्हा त्यांचा चष्मा दोनदा पडला.

काल लातूरची माणसं आली, पोहे खाल्ले, मुलगी पसंत म्हणाली. वीस तारखेला बोलणी करायला येणार. मुलगा शांत हाय, सगळा वेळ बशीकडं बघत होता. मंजुश्री काय म्हणाली ते कोणी विचारलं न्हाई, म्हणून मलापण कळलं न्हाई. ती सारखी तुझ्या फॉर्मवर मान घालून बसलेली असते.

हे वाचून काही फेकू नको. थंड पाणी पी. आशीर्वाद आणि लोभ दोन्ही जोडून धाडते.

तुझी,
आत्या

---

नांदेड,
दि. १४ एप्रिल २०२५

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

काही फेकलं न्हाई. खोलीत फेकण्यासारखं काही उरलेलं न्हाई.

मी सरळ गल्लीत गेलो आणि क्लेम टाकला. एकही कागद मागितला न्हाई. बिस्मिल्लाबीनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, मंजूर. आमच्या ऑफिसात इतक्या वेळात पंखा चालू होत न्हाई.

मला वाटलं, उद्यापासून एकेक जण माझ्या खोलीवर येऊन बसणार. मी चटई झटकून ठेवली. पण खाजामियाँ म्हणाले की आम्ही माणसापाशी न्हाई, रिकाम्या खुंट्यापाशी बसतो. तुझा खुंटा कुठं? मी म्हणालो, अहमदपूरला, आत्याच्या ओट्यासमोर. तर आत्या, उद्यापासून चौदा दिवस तुझ्याकडं पाळीपाळीनं माणसं येतील. ते आपला डबा घेऊन येतात, त्रास देत न्हाईत. फक्त बसतात. चहा दिलास तर न्हाई म्हणणार न्हाईत.

माझ्यावरचा लोभ थोडा त्यांनापण दे.

तुझा नुकसानग्रस्त,
मृत्युंजय

---

अहमदपूर,
दि. १८ एप्रिल २०२५

चि. मृत्युंजयास आशीर्वाद, पण या वेळी मोजकेच.

अरे, मला वाटलं तू चेष्टा करून राहिला! मंगळवारी दार उघडलं तर ओट्यावर तुझ्या गल्लीतले एक घोडीवाले, पाशाभाई नावाचे. खांद्यावर स्वच्छ रुमाल, हातात डबा. विचारलं, कोण पायजे? तर म्हणाले की ताई, कोणी नको, मी मृत्युंजयच्या दुःखाचा चौदावा हिस्सा हाय. आणि बसले. समोरच्या घराकडं बघायचे, तासाभरानं एक उसासा टाकायचे. मी बाहेर झाडायला गेले तर मलाच चोरट्यासारखं वाटायला लागलं.

भावजींना वाटलं, गिऱ्हाईक हाय. फॉर्म घेऊन लगबगीनं आले. कशासाठी बसलात म्हणून विचारलं, पाशाभाईंनी सांगितलं. भावजी तसेच उलट्या पावली गेले, फॉर्म माझ्याच ओट्यावर विसरून.

बुधवारी खाजामियाँ आले. नमाजासाठी पश्चिम विचारली, मी आपली तुळशीची बाजू दाखवली. उसासे टाकता टाकता माझ्या दाराची कुरकुरणारी बिजागरी नीट करून दिली. काल भागवत आला, त्यानं दोन उसासे टाकले आणि मग शेजारच्या म्हशीच्या खुराचं औषध सांगितलं, तर सगळी आळी जनावरं घेऊन हजर. आज जो आला त्याची संध्याकाळची वरात अहमदपुरातच होती, म्हणून घोडीपण घेऊन आला. ती झूल, घुंगरू, तुरा अशी पूर्ण नटून भावजींच्या ऑफिससमोर उभी. कोणी वरात समजून अक्षता मागत होतं. तोवर घोडीनं कंपनीची उरलेली कॅलेंडरं ऑगस्टपर्यंत खाल्ली.

आणि गर्दी किती! बाजारातले लोक येऊन बसतात. आधी विचारतात तुझं काय झालं, मग विचारतात ती पेटी कशी चालते. घरी न सांगितलेलं दुःख माझ्या ओट्यावर सांगून राहिले. चहापत्तीचा पुडा दोन दिवस पुरत न्हाई.

मंजुश्री रोज दुपारी त्यांना पाणी आणून देते. तोंड गंभीर ठेवते आणि आत गेली की हसण्याचा आवाज रस्त्यावर येतो.

परवा लातूरची मंडळी येणार. देवा, त्या दिवशी तरी कोणी नको, असं म्हणावं तर मलाच आता ओटा रिकामा बघवत न्हाई.

लोभ हाय, साखर संपली.

तुझी,
आत्या

---

अहमदपूर,
दि. २१ एप्रिल २०२५

श्री. मृत्युंजय यांस,
रेवणसिद्ध यांचा स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आपण आमच्या घरासमोर जी व्यवस्था लावली आहे तिचा परिणाम खालीलप्रमाणे झालेला आहे.

काल दि. २० रोजी हरिओमची मंडळी बोलणीसाठी आली. त्या दिवशी बसण्याची पाळी पुन्हा पाशाभाईंची होती, कारण त्यांच्या घोड्या दोन आहेत असे कळले. चि. हरिओमने चपला काढता काढता त्यांना विचारले की कोण वारले? पाशाभाईंनी सांगितले की कोणी वारले नाही, एका मुलाची मुलगी जात आहे, मी त्यातला माझा वाटा सोसत आहे. त्यावर हरिओम एका पायात चप्पल तशीच ठेवून त्यांच्याशेजारी बसला आणि रडू लागला. उदगीरला त्याचीही कोणीतरी आहे. घरी सांगण्याची त्याची छाती झाली नव्हती. त्याने पाशाभाईंना विचारले की बाहेरगावच्या माणसाला घेता का? त्याचे वडील आमच्या घरात पोहे खात होते, तेवढ्या वेळात त्याचा क्लेम मंजूरही झाला. बोलणी अर्थातच झाली नाहीत. त्याने तेथेच वडिलांना सर्व सांगितले आणि मंडळी थेट उदगीरला गेली. पाशाभाई त्यांच्याच गाडीत बसून गेले, खुंटा तिकडे आहे म्हणून.

येथवर मी सहन केले असते. परंतु बावीस वर्षे या गावात विमा विकतो आहे. माझे ग्राहक आता रस्त्यात थांबवून विचारतात की वर्षाअखेर उरलेले परत मिळते काय. त्याला माझ्याकडे उत्तर आहे: कंपनी मोठी आहे, कायद्याने बांधलेली आहे, दुष्काळात गल्लीची पेटी रिकामी होईल, कंपनीची होणार नाही. हे खरेच आहे आणि मी ते ठासून सांगतो. पण काल शिवशंकर दूधवाल्याने विचारले की माझी म्हैस मेली तेव्हा रक्कम वेळेवर आली, तुम्ही कुठे होता? मी ऑफिसात होतो. तेथून त्याचा गोठा दिसतो.

आज सकाळी मी त्याच्या गोठ्यात जाऊन अर्धा तास बसलो. म्हैस जाऊन चार वर्षे झाली. त्याने म्हशीचे नाव सांगितले. आमच्या पॉलिसीवर ते नाव नव्हते, नंबर होता.

तरी विनंती की आपण क्लेम मागे घ्यावा. चौदा घोड्यांची अट मीही मागे घेतो. आपण आणखी कोणाचा विमा उतरवायला गेलात तर आमचे आहेत तेही ग्राहक उरणार नाहीत. पुढील विचार मंजुश्रीने करावा. यापूर्वी तिला विचारायचे राहून गेले होते, हे तिनेच माझ्या निदर्शनास आणून दिले.

लोभाबाबत सध्या निश्चित काही लिहिता येत नाही.

आपला,
रेवणसिद्ध

---

अहमदपूर,
दि. २४ एप्रिल २०२५

मृत्युंजयला,
मंजुश्रीचा नमस्कार.

तुझे चौदाही फॉर्म मी कॉम्प्युटरात घातले. ‘इतर’च्या रकान्यात चाळीसच अक्षरं बसतात. तुला आजवर कोणी चाळीस अक्षरांवर थांबवलं नव्हतं, ते मी चौदा वेळा केलं, आणि कापलेलं सगळं माझ्या वहीत लिहून ठेवलं. खाजामियाँच्या फॉर्मवर तू लिहिलंस की ग्राहकाला भरपाई नको असते, आपलं गेलं हे कोणाला तरी कळायला हवं असतं. हे तू खरंच ऐकून घेतलंस, कोणाचं वाक्य मध्ये न तोडता. मी ते तीनदा वाचलं.

आता रागाचं. तुझा क्लेम खोटा आहे. माझं तोंड पसंतीच्या दिवशी कोणी उघडू दिलं नाही हे खरं, पण तूही मला विचारलं नाहीस. चौदा घोड्यांच्या मालकांना विचारलंस, मौलानांना विचारलंस, घोड्यांनाही विचारलं असशील. मी मेले नव्हते, लंगडत नव्हते, हरवलेही नव्हते. समोरच्या खिडकीत होते आणि रोज त्या लोकांना पाणी देत होते. एकानंही मला पाहून म्हटलं नाही की ही तर इथंच आहे, मग आपण कशाला बसलोय? फक्त काल बिस्मिल्लाबी आल्या. एसटीनं, एकट्या. खाजामियाँची दुसरी पाळी त्यांनी मागून घेतली म्हणे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं की तुझं काय म्हणणं आहे? अख्ख्या एप्रिलमध्ये हा प्रश्न विचारणारं पहिलं माणूस.

म्हणून मी माझं म्हणणं त्यांनाच आधी सांगितलं. मृत्युंजयला हो म्हणणार आहे. पण मला धोका दिसतो आहे. मुलगा भडकतो. आज फोन फेकला, उद्या ताट फेकेल. वाक्य अर्धं ऐकून घराबाहेर जाईल आणि उरलेलं अर्धं मी कोणाला सांगू? एकटीनं एवढा राग सोसायचा म्हणजे चांगल्या घरात बसूनही रिकाम्या खुंट्याकडं बघत राहायचं. तर मलाही तुमच्यात घ्या, असं मी म्हणाले.

त्यांनी विचारलं, तुझं दान काय? मी म्हणाले, तुमच्यात कोणाचाही फॉर्म असो, अर्ज असो, दवाखान्याचा कागद असो, मी भरून देईन आणि चाळीस अक्षरांवर थांबणार नाही. त्या जागेवरच मंजूर म्हणाल्या.

तर आता नीट ऐक, शेवटपर्यंत. यापुढं तुला राग आला की तू घरात बोलायचं नाहीस. गल्लीत जायचं. ज्याची पाळी असेल त्याच्यासमोर तो काढायचा. खाजामियाँ, पाशाभाई, भागवत सगळे तयार आहेत. हरिओमनं उदगीरहून कळवलंय की त्यालाही एक वाटा चालेल, उपकार फेडायचे आहेत. बाबा म्हणाले की कंपनीच्या नियमात हे बसत नाही, आणि मग हळूच विचारलं की मंगळवार कोणी घेतला नसेल तर मी घेऊ का.

तुझ्या रागाचे असे वाटे पाडून झाल्यावर एक वाटा उरला. तो मी ठेवून घेतला आहे. कोणाला देणार नाही.

लोभ सगळा माझ्याकडं असावा, तो वाटायचा नाही.

मंजुश्री